चटईखालची वकीलबाई

सालेलोलोगाच्या धक्क्यावर बोट लागली की माणसं अळकुड्यांच्या ढिगांतून वाट काढत बसगाड्यांकडे पळतात. त्या वाटेवर, बाजाराच्या शेवटच्या खांबाशी, एक लाकडी बाक आहे. बाकाचं एक टोक कायम ओलं, कारण शेजारची मासळीवाली तिथेच पाणी ओतते. दुसऱ्या, कोरड्या टोकाला दर शनिवारी तेलेसिआ बसायची.

ती वकील होती. आठवडाभर समुद्रापलीकडच्या राजधानीत, आपिआत, काम करायची. शनिवारी समुद्र ओलांडून आमच्या सावाइई बेटावर यायची आणि ज्याला वकील परवडत नाही त्याचं ऐकून घ्यायची. पाटी नव्हती, टेबल नव्हतं. मांडीवर विणलेला हातपंखा, कानामागे फूल, पायांत निळ्या सपाता. डाव्या घोट्यावर पोवळ्याने कापल्याचा पांढरा वण होता, लहान माशासारखा. तो वण पुढे माझ्या कामी आला, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

"फुकटातला वकील म्हणजे पडलेला नीरफणस," मासळीवाली तिला ऐकू जाईल असं म्हणायची. "झाडाला नको झाला म्हणून खाली आला."

"पिकलेलापण पडतोच की गं," तेलेसिआ म्हणायची. "आणि तुझं पाणी जरा पलीकडे ओत. माझे कागद पोहायला लागलेत."

माणसं यायची. कोणाच्या जमिनीवर चुलतभावाने खांब रोवलेले, कोणाचा नवरा परदेशात जाऊन गप्प झालेला, कोणाच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद आणि डोळ्यांत त्या कागदाची भीती. तेलेसिआ कागद मोठ्याने वाचायची, सावकाश, गोष्ट वाचावी तसा. मग खाली ठेवायची आणि म्हणायची, "आता तुम्ही मला सांगा, यात काय आहे."

"मी काय शाळेत आलोय?" एक म्हातारा एकदा भडकला होता.

"तुम्ही नाही काका, मी आलेय. तुम्ही सांगा, मला नीट कळलंय का ते बघू."

म्हातारा सांगायला लागला. सांगता सांगता त्याची पाठ ताठ झाली. एखाद्या माणसाला त्याचाच कागद परत मिळतो तेव्हा त्याच्या पाठीचं काय होतं, ते मी त्या बाकाशी अनेकदा पाहिलं.

मी तिथे कोकोच्या बिया विकायला बसायचो. मी वाइमोआना गावचा घरजावई. माझं गाव डोंगरापलीकडचं, हे गाव माझ्या बायकोचं. घरजावयाला आमच्याकडे हात असतात, तोंड नसतं. बायको सालोमे ही गावाचे प्रमुख सेउलुपे यांची पुतणी, त्यामुळे त्यांच्या मोठ्या घरामागची चूल माझी. पहाटे सगळ्यांत आधी मी उठतो, जाळ करतो, कोको उकळतो. सोमवारी गावसभा बसते, तेव्हा जेवण मी वाढतो. सगळे प्रमुख आपापल्या खांबाला पाठ टेकून बोलत असतात आणि मी वाकून मधून जातो. माझ्यासमोर काहीही बोललं जातं.

तर अशाच एका सोमवारी सभा चालू होती. सभा चालू असताना समोरच्या मैदानाकडेने कोणी ताठ मानेने जात नाही. छत्री असेल तर मिटायची, गाडी असेल तर थांबायचं, खाली उतरायचं, परवानगी विचारायची. तेवढ्यात पेनी आपली जुनी मालगाडी घेऊन हॉर्न वाजवत आला. मागे चटईवर त्याची आई, लोसा आजी, माशासारखी तोंडाने श्वास घेत पडलेली. सेउलुपेंचा मोठा मुलगा ताविता रस्त्यात आडवा उभा राहिला.

"उतर खाली! सभा दिसत नाही?"

"सभा मेली तरी चालेल," पेनी ओरडला, "माझी आई मरतेय!"

आणि तो निघून गेला. धूळ सभेच्या घरात आली, भिंती नसलेल्या त्या घरात, सगळ्यांच्या मांडीवर बसली.

लोसा आजी वाचली. सभेने पेनीला डुकरांचा आणि डबाबंद मासळीच्या खोक्यांचा दंड लावला. पेनीने निरोप पाठवला, "आईला वाचवल्याचा दंड मी भरत नाही." मग सेउलुपेंनी तो शब्द उच्चारला, जो आमच्याकडे मोठ्याने उच्चारायला कोणालाच आवडत नाही: हद्दपारी. सूर्य मावळायच्या आत त्या घराने गाव सोडायचं.

सेउलुपे वाईट माणूस नव्हते. कोणी उतरून सांगितलं असतं, तर त्यांनी सभा मोडून चार तरुण आजीला उचलायला पाठवले असते. पण कोणी उतरलं नव्हतं. आणि उतरायला वेळ नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन खऱ्या गोष्टी एका गावात मावल्या नाहीत.

लोसा आजीच्या घरासमोर तिच्या नवऱ्याचं थडगं आहे, सिमेंटचं, पांढऱ्या रंगाचं. आमच्याकडे आपली माणसं आपल्या अंगणातच असतात. रोज संध्याकाळी आजी त्या थडग्यावर बसून चटई विणायची आणि त्याला दिवसभराच्या कागाळ्या सांगायची. कोणाची कोंबडी आत आली, पाद्रीबाबांचं प्रवचन किती लांबलं. शेजारची जागा तिने स्वतःसाठी राखली होती. तिथे एक शंख ठेवलेला होता.

त्या संध्याकाळी शंख तिथेच राहिला.

पेनीचं कुटुंब आपिआजवळ एका नातेवाइकाच्या गॅरेजमध्ये राहायला गेलं. बोटीने पलीकडे जायचो तेव्हा मी त्यांच्यासाठी अळकुड्या न्यायचो. घरजावई कुठे जातो, कोण बघतं?

"मी कुठे बसू रे इथे?" आजी मला म्हणाली. गॅरेजच्या दारातून मोठा रस्ता दिसत होता. "ओळखीचं एक थडगं नाही या गावात."

तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी ते पेनीला सांगितलं आणि पेनीने ते आईपासून लपवलं, आणि आईला ते आधीपासून माहीत होतं. तिला बरं व्हायचं नव्हतं. तिला शंखाच्या जागी जायचं होतं, बस. त्यापलीकडे तिने कोणाकडे काही मागितलं नाही.

मी पेनीला बाकाबद्दल सांगितलं.

तेलेसिआने खटला हातात घेतला. एक पैसा नाही, उलट बोटीचं भाडं तिचंच. वर्ष उलटून गेलं. ती गॅरेजमध्ये यायची, अंगावरचं कापड नीट गुडघ्यांवर ओढून जमिनीवर बसायची, आजीबरोबर चहात पाव बुडवून खायची आणि विचारायची. आजी सांगायची त्यातलं अर्धं नवऱ्याबद्दल असायचं. तेही ती ऐकायची. आपिआतल्या मोठ्या कोर्टात सेउलुपेंना बोलावणं गेलं. ते पांढरा सदरा घालून गेले आणि परत आले तेव्हा एखादं जडशीळ ओझं उतरवावं तसे आपल्या खांबाशी बसले.

"मला बाकावर बसवलं," ते म्हणाले. "पायांत बूट घातलेली पोरं माझ्या डोक्यावरून एकमेकांना कागद देत होती. डोक्यावरून." मग माझ्याकडे बघून, "जावई, कोको आहे का?" मी दिला. त्यांनी तो प्यायला नाही.

निकाल लागला. असं हाकलून द्यायचा अधिकार गावसभेला नाही, कुटुंबाने आपल्या घरी परत जावं, कोणी अडवू नये. पेनी पोलिसांच्या गाडीतून गावात आला. कोणी अडवलं नाही. कोणी काहीच केलं नाही.

ते 'काहीच नाही' मी पाहिलं आहे. पेनी दुकानात गेला तर दुकानदार मागच्या फळ्या पुसायला लागला. त्याने रस्त्यावर नमस्कार केला तर समोरचा माणूस समुद्राकडे बघायला लागला, जणू तिकडे कोणी बुडत होतं. चर्चमध्ये त्याचा बाक त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामा झाला. दगड मारला असता तर दगड उचलून दाखवता आला असता. पण न बोलणं कोणत्या कोर्टात उचलून दाखवणार? पेनीने घराचं छप्पर शाकारायला घेतलं आणि एकट्याने छप्पर शाकारता येत नाही हे त्याला कळलं. आमचं एकही घर एकट्याने शाकारता येईल असं बांधलेलं नसतं.

तो आईला घ्यायला गॅरेजमध्ये परत गेला. त्या दिवशी मी तिथे होतो आणि तेलेसिआही निकालाची प्रत घेऊन आली होती.

"वाच," आजी म्हणाली.

तेलेसिआने वाचला. सावकाश, गोष्टीसारखा. मग सवयीने म्हणाली, "आता तू सांग आजी, यात काय आहे."

आजीने डोळे मिटले. "सांगते. मी घरी जाऊ शकते. पोलीस माझ्यासोबत येतील. मग मी मरेन. मग पोलीस निघून जातील. मग खड्डा कोण खणेल? गाणं कोण म्हणेल? माझा पेनी एकटा मला उचलून नेईल, आणि सगळं गाव समुद्राकडे बघत राहील." तिने डोळे उघडले. "पोरी, निकाल चांगला आहे. पण निकाल खांदा देत नाही."

पेनी म्हणाला, "आई, आपण जिंकलोय!"

"तू जिंकलास रे. मी इथेच मरते."

रस्त्यावरून बस गेली. तेलेसिआच्या हातातला पंखा थांबला होता. इतक्या माणसांना तिने हा प्रश्न विचारला असेल, पण या वेळी उत्तर ऐकून तिनेच निकालाची प्रत मिटली.

"बरोबर सांगितलंस आजी," ती म्हणाली. "मलाच नीट कळलं नव्हतं."

पुढच्या शनिवारी ती बाकावर होती, पण तिचं लक्ष कुठेतरी दूर होतं. दुपारी माझ्याकडे आली आणि बियांत हात घालून त्या बोटांतून गळू देत राहिली.

"सेउलुपेंच्या घरी पहाटे सगळ्यांत आधी कोण उठतं?"

"मीच की. घरजावई आणि कोंबडा."

"मग सोमवारी कोको जरा जास्त ठेवा," ती म्हणाली. "आणि काही दिसलं तर ओरडू नका."

सोमवारी पहाटे मी जाळ करायला उठलो. आकाश राखेच्या रंगाचं होतं. समुद्र खडकांच्या कडेला ओठ पुटपुटावेत तसा हलत होता. मी मोठ्या घराच्या बाजूने पुढे आलो तर समोरच्या गवतावर काहीतरी पडलेलं होतं. आधी वाटलं, कोणाचं तरी डुक्कर सुटून येऊन झोपलंय. मग वाटलं, बोटीवरून काही ओझं आणून टाकलंय. मग ते ओझं खोकलं.

ती इए तोगा होती. केवड्याच्या जातीच्या पातीची, इतकी बारीक विणलेली की चटई म्हणायची ती सवयीने, अंगाला लागली तर जुन्या लुगड्यासारखी. कडेला लाल पिसं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपतात, लग्नाला, प्रमुखपद मिळताना, मरणालाच बाहेर काढतात. तिच्याखाली दोन उंचवटे होते, एक मोठा, एक लहान. समोर लाकडाची एक मोळी आणि भट्टीचे काळे दगड ठेवले होते.

याचा अर्थ आमच्यात तान्हं मूलही जाणतं. मोठा गुन्हा केलेला माणूस पहाटे ज्याचा अपराध केला त्याच्या घरासमोर येऊन चटईखाली मान वाकवून बसतो. लाकडं आणि दगड म्हणजे, हवं तर आम्हाला डुकरासारखं भाजा. आतल्या माणसाने येऊन चटई उचलली तर भांडण संपलं, मुळापासून. नाही उचलली तर तो बसून राहतो. आणि कधीकधी आतून कोणी कोयता घेऊन येतं.

पण इथे कोणी खून केला नव्हता. कोण असेल? चटईच्या कडेखालून एक पाय थोडा बाहेर आला होता. घोट्यावर लहान पांढरा मासा.

मी ओरडलो नाही. वाकून मागे मागे चुलीपर्यंत गेलो, पाठ न फिरवता.

घर जागं झालं. पडदे वर गेले. सेउलुपे आपल्या खांबाशी येऊन बसले आणि बाहेर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, जशी वाऱ्याची झुळूक पाण्यावरून जाते. ताविता बाहेर आला, त्याच्या हातात नारळ सोलायचा कोयता होता.

"कोण आहे हे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वकीलबाई. दुसरे तिचे वडील असतील."

तिचे वडील मी बाकाशी एकदा पाहिले होते. पश्चिम किनाऱ्यावरचे म्हातारे मासेमार, आपल्या घराण्याचे प्रमुख, एका डोळ्यात मोतीबिंदू. पोरीसाठी उकडलेले मासे पानात बांधून आणले होते आणि ती काम करत असताना तिच्यावरच्या माश्या वारत बसले होते.

"वकीलबाई?" ताविता म्हणाला. "ती तर जिंकली!"

हेच तर सगळ्यांच्या मनात होतं. बायका कुंपणाशी जमल्या, त्यांच्यामागे पुरुष. हरलेला माणूस चटईखाली सगळ्यांनी पाहिला होता. जिंकलेला कोणीच नाही. काय करायचं असतं अशा वेळी? कोणत्याही म्हाताऱ्याला आठवेना.

ऊन आलं. आधी नारळाच्या शेंड्यांवर, मग छपरावर, मग हळूहळू गवतावर उतरत चटईच्या कडेला लागलं. लाल पिसं पेटल्यासारखी दिसायला लागली. चटईखालून खोकला येत होता, दाबलेला, म्हाताऱ्या माणसाचा. तो थांबला की पूर्ण गाव पुढच्या खोकल्याची वाट बघायचं.

"बाबा, ही वकिलाची चाल आहे," ताविता आत येऊन म्हणाला. "कोर्टात आपल्याला हरवलं, आता इथेही हरवायला आलीय. उचललीत तर तिचं झालं, नाही उचललीत तर म्हातारा मेल्याचं पाप आपल्यावर."

"चाल असेल," सेउलुपे म्हणाले. "पण ऊन खरं आहे."

तरी ते उठले नाहीत. ऊन पूर्ण चटईवर आलं. चटईखाली हवा कशी होती मला माहीत नाही, पण चुलीशी उभं राहूनही मला तिथला श्वास छातीत जाणवत होता. ती दोघं हलली नाहीत. दोन माणसं इतकी स्थिर राहू शकतात यावर माझा विश्वास नव्हता. मी दगड पाहिलेत, वारा पडल्यावर पाण्यात थांबलेल्या होड्या पाहिल्यात. पण हे वेगळं होतं. हे स्थिर राहणं आतून कोणीतरी क्षणाक्षणाला करत होतं.

कुंपणाशी एक बाई रडायला लागली. कोणासाठी ते तिला सांगता आलं नसतं.

मग सेउलुपे उठले. म्हातारपणाने नव्हे, ओझं घेऊन उठावं तसे. पायऱ्या उतरले. गवतावर त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता, तरी तो मला ऐकू आला. ते वाकले आणि त्यांनी चटई उचलली.

आधी बाप दिसला, घामाने भिजलेला, डोळे मिटलेले. मग ती. केस कपाळाला चिकटलेले, कानामागचं फूल करपलेलं.

"आत या," सेउलुपे म्हणाले. "ऊन आहे."

आवाच्या, म्हणजे सभेत पितात त्या मुळांच्या पेयाच्या, वाट्या फिरल्या. मी वाढत होतो. तेलेसिआ कडेला बसली. तिला प्रमुखपद नव्हतं, सभेत ती बोलू शकत नव्हती. तिचे वडील बोलले, एक डोळा पांढरा, आवाज समुद्रावर बोलून मोठा झालेला.

"निकाल चूक होता असं म्हणायला मी आलो नाही. माझ्या मुलीने तुमचं नाव परक्या इमारतीत नेलं. तिथे तुम्हाला बाकावर बसवलं, डोक्यावरून कागद दिले. ते तिच्या कामामुळे झालं. तिचं ते माझं. ते नाव परत आणून तुमच्यासमोर ठेवतोय. चटई माझ्या मरणासाठी ठेवली होती. आता तुमची."

सेउलुपेंनी वाटी खाली ठेवली.

"मग निकाल मागे घेणार?"

म्हाताऱ्याने मुलीकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मनात आलं, हो म्हण बाई. एवढं उन्हात बसलीस, एक शब्द म्हण आणि सोडव आजीला.

"बोलू का?" तेलेसिआ म्हणाली.

सेउलुपेंनी मान हलवली.

"नाही घेणार. तो माझा नाहीच. उद्या तुमच्या नातवाला कुठल्या गावाने सूर्य मावळायच्या आत हाकललं, तर त्याच्याही उपयोगाचा आहे. माफी मी माझ्यापुरती मागतेय. निकाल राहील."

ताविताच्या तोंडून काहीतरी निघालं. सेउलुपेंनी हात वर केला. ते तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. एका बाजूला उन्हात नाक घासणारी, दुसऱ्या बाजूला एक तसूही न हलणारी, ही एकच बाई होती आणि ते तिचा सांधा शोधत होते. मला वाटतं तो त्यांना सापडला नाही, कारण नव्हताच.

"आणि पेनीचं काय?" त्यांनी विचारलं.

"पेनीचं पेनी आणि तुम्ही बघा. त्याच्या वतीने मी वाकू शकत नाही. मी फक्त त्याची वकील आहे."

यावर सेउलुपे हसले. मोठ्याने नाही, नाकातून. "जावई," ते म्हणाले, "यांचा कोको कुठाय?"

होता. मी जास्त ठेवला होता.

पेनीला हे कळलं तेव्हा तो धक्क्यावर तिच्या अंगावर धावून गेला. "मग कोर्टात जिंकलो कशाला? शेवटी त्यांच्या पायाशीच जायचं होतं तर?"

"परत यायला जिंकलास," ती म्हणाली. "राहायला वेगळं काहीतरी लागतं. ते मी नाही करू शकत तुझ्यासाठी."

"करू शकत नाही म्हणे," मासळीवाली मागून म्हणाली. "अरे गाढवा, आईला घेऊन ये आधी, मग भांड."

पेनीने काही दिवस गाल फुगवून काढले. मग एक दिवस त्याने दंडाची डुकरं आणली. एक मादी दोर तोडून सभेच्या घरात शिरली, आवाच्या भांड्यावरून उडी मारून पलीकडे गेली, आणि सगळे प्रमुख आपापले खांब सोडून उठले. ताविता आणि पेनी दोघं तिच्यामागे समुद्रापर्यंत पळाले. ओलेचिंब होऊन तिला मधोमध धरून परत आले. एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. आजही फारसे बोलत नाहीत. पण त्या दुपारी छप्पर शाकारायला ताविता शिडी घेऊन आला.

लोसा आजी घरी आली. बोटीतून उतरताना तिने तेलेसिआचा खांदा धरला होता. घरी पोचल्यावर आधी थडग्यावर जाऊन बसली आणि नवऱ्याला सगळं सांगत बसली, गॅरेज, रस्ता, बेचव पाव, पोलिसांची गाडी. संध्याकाळ संपली तरी तिच्या कागाळ्या संपेनात. शंख तिथेच होता. त्यात एक लहान खेकडा राहायला आला होता. "राहू दे," ती म्हणाली, "मी येईन तेव्हा जाईल आपला आपण."

ती गेली तेव्हा गावातले सगळे तरुण खड्डा खणायला आले. पहिलं फावडं ताविताने मारलं. गाणाऱ्यांचा आवाज खडकांपर्यंत जाऊन परत येत होता. चार खांद्यांना जागा होती आणि दहा खांदे पुढे आले, धक्काबुक्की झाली, पाद्रीबाबा रागावले. पेनी मध्येच उभा राहून नुसता बघत होता. त्याच्या आईला उचलायला त्यालाच जागा मिळेना. मग कोणीतरी त्याला आत ओढलं.

सेउलुपेंनी चटई आणली. तीच, लाल पिसांची. ती त्यांनी शवपेटीवर पसरली, कडा सारख्या केल्या आणि मागे सरकले. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या मरणासाठी ठेवलेली, त्याच्या मुलीने जिवंतपणी पांघरलेली ती चटई आता लोसा आजीवर होती. मी आयुष्यभर चर्चला जात आलोय, पण त्या क्षणी माझ्या मनात जे झालं ते चर्चमध्ये कधी झालं नव्हतं. असं वाटलं, आपण रोज ज्या जमिनीवर चालतो ती किती पातळ आहे, आणि तिला कोण कुठून धरून ठेवतं ते आपल्याला दिसतच नाही.

तेलेसिआ नात्यातली नव्हती, म्हणून ती पुढे आली नाही. चुलीपाशी माझ्याजवळ बसून नारळ खवत होती. सपाता काढून ठेवल्या होत्या. गाणं चालू असताना तिचे हात थांबत नव्हते, पण खोबरं एकाच जागी पडत होतं आणि तिला ते दिसत नव्हतं.

"वकीलबाई," मी विचारलं, "चटईखाली काय वाटत होतं?"

तिने जरा विचार केला. "उकडत होतं फार," ती म्हणाली. "आणि बाबा सारखे चिमटे काढत होते, सरळ बस म्हणून."

शनिवारी ती पुन्हा बाकाच्या कोरड्या टोकाला बसलेली दिसली. समोर एक बाई कागद धरून उभी होती आणि मासळीवाली पाणी ओतत होती.

सेउलुपेंच्या घरासमोर ती जागा आता बाकीच्या गवतासारखीच आहे. पहाटे जाळ करायला उठलो की मी तिकडे एकदा बघतो. काही नसतं. तरी कोको मी जरा जास्तच ठेवतो.